डोमाजींचा ‘सुकलेला’ मेंदू

“डॉक्टरसाहेब, यायचा मेंदू सुकला म्हणते. रिपोर्टमंदीच लिवलं हाये. आता तुमीच सांगा, काय करू मी?”

सखुबाईंनी सीटी स्कॅनचं पाकीट माझ्या टेबलावर आपटलं. शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान डोमाजी शांत बसले होते. वय सत्तरीचं. वरठीच्या पोलाद कारखान्यात क्रेन ऑपरेटर होते, आता रिटायर. मी भंडाऱ्यात मेंदूविकारांची ओपीडी चालवतो. असे बेफिकीर चेहरे माझ्याकडे फारसे येत नाहीत.

झालं असं, की डोमाजी सायकलवरून पडले. डोक्याला टेंगूळ आलं, म्हणून सीटी केला. आत मार कुठेच नव्हता. पण रिपोर्टमध्ये ‘सेरेब्रल ॲट्रोफी’ असा शब्द होता. मुलाने तो मोबाईलवर शोधला. उत्तर आलं, मेंदू आकसणे. पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. घरात रडारड झाली.

“तवापासून यायले कायीच याद राहत नाही,” सखुबाई म्हणाल्या. “भाजी आणा म्हनलं, इसरते. दळण इसरते. माह्या भावाकडे जायचं असलं, का मंग तं पुरेच इसरते.”

“जेवणाची वेळ?”

“ते नाही इसरत.”

डोमाजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

मला तिथेच शंका आली. ज्याची स्मृती खरोखर जाऊ लागते, तो माणूस बहुतेक वेळा ते झाकतो. प्रश्न विचारला की बायकोकडे बघतो. इथे गृहस्थ स्वतःच म्हणाले, “माहा मेंदू सुकला जी. मी काय करू शकतो?”

मी नेहमीची टेस्ट सुरू केली. तीन शब्द सांगितले: भात, सायकल, कंदील. थोड्या वेळाने विचारीन, लक्षात ठेवा. मग घड्याळ काढायला दिलं. त्यांनी गोल काढला, त्यात एकच काटा काढला आणि पेन खाली ठेवला.

“तीन शब्द कोणते होते, काकाजी?”

“कोनते शब्द?”

सखुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आता मला माझ्या शंकेचीही खात्री वाटेना. न आठवणं आणि न सांगणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

“दिवसभर काय करता?” मी विचारलं.

“दंडारीची तालीम,” उत्तर सखुबाईंकडून आलं. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं लोकनाट्य. “लाखनीले प्रयोग हाये. हे राजा होतेत.”

“मग अवघड आहे,” मी म्हणालो. “नवे संवाद लक्षात राहत नसतील तर भूमिका दुसऱ्याला द्यावी लागेल.”

“कायले?” डोमाजी उभे राहिले. “औंदा पुरं भाषण नवं हाये. ऐका!” आणि हात उंचावून त्यांनी सुरुवात केली, “हे प्रधाना! माझ्या राज्यात तळ्याचं पाणी चोरणारा कोण?”

आवाज बाहेरपर्यंत गेला. रिसेप्शनिस्ट धावत आली. तिच्या मागून दोन पेशंट डोकावले. भाषण कुठेही न अडखळता संपलं. बाहेरून टाळ्या पडल्या.

जुनं पाठांतर डिमेन्शियातही टिकतं. हे मात्र याच वर्षीचं होतं. तरी खात्री करावी म्हणून, ते घाम पुसत असतानाच मी विचारलं, “तीन शब्द?”

“भात, सायकल, कंदील. पन माहा आवाज कसा वाटला?”

सखुबाईंनी पदर खाली घेतला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की राजा आपोआप खाली बसला.

मी फिल्म दिव्यासमोर धरली. दोघांना समजावलं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतोच, जसे केस पिकतात. चिंता असते ती वयाच्या मानाने फार आकसला तर. विशेषतः हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत खोलवर असलेला, नव्या आठवणी पक्क्या करणारा छोटासा भाग. डोमाजींचा तो वयाला साजेसा दिसत होता.

पण मेंदूच्या आतल्या भागात काळपट चट्टे होते. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की ते उमटतात. हे वाढत गेले, तर स्मृतिभ्रंशाचा धोका खरंच वाढतो.

“बीपीची गोळी घेता?”

“घेत होतो. बरं वाटलं म्हनून सोडली.”

बीपी मोजलं. चांगलंच वाढलेलं होतं. आता डोमाजींचा चेहरा खरोखर पडला. “मंग मी सच्चीच इसरीन का जी?”

“गोळी परत सुरू करा. मीठ कमी, रोज चालणं. चट्टे जाणार नाहीत, पण वाढ रोखायचा प्रयत्न करता येईल. तालीम सोडू नका.”

“अन् भाजी?” सखुबाई.

“भाजी आणायला पायीच पाठवा.”

“आता हिचंही मोजा,” डोमाजी म्हणाले. सखुबाई नाही नाही म्हणत होत्या, तरी मी पट्टा बांधला. त्यांचं बीपी नवऱ्यापेक्षा जास्त निघालं.

“पाहा!” डोमाजी आनंदाने ओरडले. मग ते जास्त म्हणजे काय, हे लक्षात आलं. त्यांनी हळूच विचारलं, “हिले कायी होनार तं नाही ना?”

काही महिन्यांनी दोघं तपासणीला आली. दोघांचंही बीपी आटोक्यात होतं. प्रयोग जोरात झाला होता. डोमाजी म्हणाले, एकमेकांना गोळ्यांची आठवण करून देण्यावरून रोज भांडण होतं. मी ते उपचारातच धरलं.

तेव्हापासून कुणी ‘मेंदू सुकला’ म्हणून आलं, की मी फिल्म बघण्याआधी बीपीचा पट्टा बाहेर काढतो. आणि सोबत जो जास्त काळजी करत आला असेल, त्यालाही बाही वर करायला लावतो.