‘पूनम को फुटेगा’

आजही ती दुपार आठवली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर काढलेले कोयते पाहिले. तेव्हाही राग यायचाच, पण तो कामाचा राग. दोषारोपपत्र कोर्टात गेलं की उतरायचा. हा राग उतरला नाही, कारण या केसमध्ये गुन्हाच नव्हता. होती फक्त नववीतली एक मुलगी, श्रीखंडाचा एक रिकामा डबा आणि शिकल्यासवरल्या माणसांनी भरलेली एक शाळा. त्या मुलीचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही. तिच्या वर्गमैत्रिणीचं नाव मात्र लिहावंच लागेल, कारण सगळा घोळ त्या नावातच आहे. तिचं नाव पूनम. तिच्या घरच्यांना विचारूनच लिहितोय.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. बाहेर बाकावर पासपोर्ट पडताळणीवाले बसले होते आणि माझ्यासमोर एका सोसायटीतले दोन काका पार्किंगवरून एकमेकांची उणीदुणी काढत होते. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला.

“साहेब, शाळेतून फोन आहे. बॉम्ब म्हणतायत. वाजतोय म्हणे.”

“वाजतोय म्हणजे?”

“टीं टीं करतोय. बादलीत ठेवलाय.”

स्टेशन डायरीला नोंद घेतली, नियंत्रण कक्षाला कळवलं, बॉम्बशोधक पथक मागवलं आणि निघालो. शाळेत पोहोचलो तर सगळी मुलं मैदानात, टळटळीत उन्हात. शिक्षक फोनवर व्हिडिओ काढतायत, पालक फाटकावर चढतायत. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नळाजवळ एक निळी बादली होती आणि तिच्यातून खरोखरच बारीक, चिवट आवाज येत होता. मी आधी मुलांना मागच्या फाटकातून बाहेर काढायला लावलं. बॉम्बपासून लांब न्यायचं म्हणून ज्यांनी मुलांना बॉम्बच्याच मैदानात बसवलं, त्यांना काय बोलायचं?

सुपरवायझर बाईंनी घडलेला प्रकार सांगितला. बाई मराठीच, वीसएक वर्षं शाळेत मुरलेल्या.

“सर, मी तिला रंगेहाथ पकडलंय. मधल्या सुट्टीत हा डबा घेऊन कोपऱ्यात बसली होती. वायरी बाहेर, आत काळं काळं काहीतरी थापलेलं. विचारलं हे काय आहे, तर तोंडावर सांगते, ‘टीचर, पूनम को फुटेगा ना, उसके पहले ये बजेगा.’”

“पूनम कोण?”

“तिच्याच वर्गातली. मागच्याच आठवड्यात दोघींचं बेंचवरून कडाक्याचं भांडण झालंय. मी स्वतः सोडवलंय.”

झालं. वस्तू मिळाली, हेतू मिळाला, कबुलीसुद्धा मिळाली. तपास अधिकाऱ्याला आयतं ताट वाढून दिल्यासारखी केस होती. पण आयतं ताट समोर आलं की पोलिसाने आधी ते कोणी वाढलं ते बघावं.

“डबा वाजायला कधी लागला?” मी विचारलं.

“बादलीत टाकल्यावर. पाण्यात टाकला की बॉम्ब निकामी होतो ना? पण हा उलट जोरात सुरू झाला. तेव्हा तर आमची खात्रीच पटली.”

“पाण्यात टाकायच्या आधी गप्प होता?”

“हो.”

“आणि बादलीपर्यंत नेला कोणी?”

“शिपायाने. मॅडमनी सांगितलं त्याला.”

मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. बॉम्ब आहे अशी यांची खात्री होती, आणि तो शिपायाच्या हातात देऊन मैदानापलीकडे पाठवला. त्याला काय बायकापोरं नव्हती? मी तो प्रश्न गिळला. पाण्यात पडल्यावर सुरू होणारा बॉम्ब मात्र माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नव्हता, ही गोष्ट डोक्यात ठेवली.

पथक आलं आणि कामाला लागलं. मी मुलीकडे गेलो. तिला वाचनालयात बसवलं होतं, दाराला बाहेरून कडी आणि कडीपाशी वॉचमन. मुलाला असं कोंडायचा अधिकार आम्हा पोलिसांनाही नाही, शाळेला कुठून आला? कडी काढायला लावली. साध्या वेशातल्या आमच्या महिला अंमलदार सोबत घेतल्या, तिच्या आईवडिलांना निरोप धाडला. ते मुर्ध्याहून येणार म्हणजे स्टेशन ओलांडून पश्चिमेच्या पार टोकाकडून. तोवर पोरीला पाणी दिलं. इतका वेळ कोणी ते दिलं नव्हतं.

तिची आई घामाघूम होऊन पोहोचल्यावरच आम्ही बोलायला सुरुवात केली. आमच्या अंमलदार बाई मराठीत विचारत होत्या आणि पोरगी हिंदीत उत्तरं देत होती. “मैंने कुछ नहीं किया. वो फुटेगा इसलिए बनाया.” परत परत तेच. आई बाजूला हात जोडून बसलेली. तिला लेक काय बोलतेय तेच धड कळत नव्हतं.

“बाळ, तू घरी आईशी हिंदीत बोलतेस का?” मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

“मग मराठीत सांग ना. आम्ही सगळे मराठीच आहोत.”

त्यावर ती पोर आधी कोणाकडे बघते? माझ्याकडे नाही, आईकडेही नाही. दारात उभ्या असलेल्या सुपरवायझर बाईंकडे. परवानगीसाठी. मग कळलं की या शाळेत वर्गात इंग्रजी, फार तर हिंदी. मराठी बोलताना सापडलं की बाकावर उभं करतात. म्हणजे मुर्ध्याच्या मराठी पोरीने भाईंदरच्या मराठी बाईंना आपल्या डब्याची गोष्ट मोडक्या हिंदीत सांगितली आणि बाईंनी ती हिंदीतच समजून घेतली. हा प्रकार आमच्याच भागात होऊ जाणे. दोन मराठी माणसं भाजीवाल्यासमोर भेटली तरी एकमेकांशी हिंदी झाडतात, तीही अशी की ऐकणाऱ्या हिंदीवाल्याने कानावर हात ठेवावेत.

“सांग गं, काय फुटणार आहे?” मी विचारलं.

“बांध, साहेब,” ती म्हणाली. “आमच्या घरामागं खाडीचा बांध हाय. पुनवेला उधाण आलं का फुटतो. मागं रातीचा फुटला नि वाडीत खारं पाणी शिरलं, सगली भाजी मेली. म्हणून डबा केला. पाणी वायरीला लागलं का वाजतो. फुटायच्या आधी.”

मी डोक्याला हात लावला. माझं बालपण अलिबागकडच्या खारेपाटात गेलंय. बांध फुटणं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. पुनव म्हणजे पौर्णिमा. हिंदीत पौर्णिमेला पूनम म्हणतात एवढं तिला ठाऊक होतं, बांधाला काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून तेवढा शब्द तिने गाळला. पुनवेला बांध फुटणार, त्याची झाली ‘पूनम को फुटेगा’.

मी खुर्ची मागे सारून उठलो, पथकाला थांबवायला दाराकडे वळलो, आणि मैदानातून धाडकन आवाज आला. पथकाने लांबून पाण्याचा जोरदार फवारा मारून डबा उडवला होता. त्यांचा दोष नाही. वाजणारी वस्तू, बाहेर वायरी, आत काळा गोळा. त्यांनी नियमाने केलं. तो काळा गोळा डांबराचा होता. पाणी आत जाऊ नये म्हणून होडीच्या फटींना लावतात ते. बापाच्या होडीतून तिने थोडं काढून आणलं होतं.

“माझा डबा फोडला?” तिने विचारलं. तोवर रडली नव्हती, तेव्हा रडली.

बाईंचं समाधान मात्र झालं नव्हतं. “सर, ही आत्ता रचून सांगत असेल. भांडणाचं काय?”

रास्त शंका होती. मी विचारलं, “पूनमला विचारलंत?”

नव्हतं विचारलं. तिच्या जिवावर उठलेत म्हणून तिच्या आईवडिलांना बोलावून तिला पहिल्या फटक्यात घरी धाडलं होतं. खारी गावाला लागून नवीन इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत ती राहते. आम्ही गाडी काढली. घरात नातेवाईक जमलेले, आजी दृष्ट काढतेय, आणि पूनम आतल्या खोलीत हुंदके देतेय. मला बघताच म्हणाली, “अंकल, तिला सोडा ना. बॅटरी मीच दिलीय. माझ्या भावाच्या रिमोटच्या गाडीतली. ती चालते हे मला दाखवायला तिने आज डबा आणला होता.”

“आणि भांडण?”

“बेंचवरून? ते तर आम्ही रोज करतो.”

जिला मारायचा कट होता तिनेच बॉम्बला बॅटरी पुरवली होती. एवढी माहिती वर्गातल्या कोणत्याही मुलीने उभ्या उभ्या दिली असती, पण मुलांना विचारायचं असतं हे त्या शाळेत कोणाच्या गावीही नव्हतं. मुर्ध्याच्या शेजारचंच गाव राई. राईचा पर्वत करायचा तर निदान राईत जाऊन करावा, त्यासाठी भाईंदर पूर्वेला शाळा कशाला काढावी लागते?

मुलगी, तिची आई आणि पूनम यांचे जबाब झाले, पंचनामा झाला, ‘दखलपात्र गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही’ अशी नोंद झाली. मला वाटलं, संपलं. मुख्याध्यापिकांचं संपलं नव्हतं.

“तुमचा कायदा काहीही म्हणो, आमची झीरो टॉलरन्स पॉलिसी आहे,” त्या म्हणाल्या. “पालकांमध्ये घबराट पसरली. तिने लेखी माफी मागावी. तोपर्यंत घरी. नाहीतर दाखला घेऊन जावा.”

“माफी कशाची?”

“शाळेत बॉम्बसदृश वस्तू आणल्याची.”

“बॉम्बसदृश तुम्हाला दिसली. ती तिने काय म्हणून लिहून द्यायचं?”

मुलीचे वडील तोवर पोहोचले होते. होडीवरून तसेच आलेले, बाहीला खवले चिकटलेले. ते मध्येच म्हणाले, “साहेब, पोर देते लिवून. पुढल्या वर्साला दहावी हाय. आता दाखला दिला तर पोरीला कोण घेल?”

मला त्या माणसाचा नाही, त्याला असं वाकायला लावणाऱ्यांचा संताप आला. एकदा तो कागद फायलीला लागला की ही पोर जन्मभर ‘बॉम्बवाली’. जिथे जाईल तिथे तो कागद तिच्या आधी पोहोचला असता. मी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की चार दिवस थांबा, काही लिहून देऊ नका. मुख्याध्यापिकांवर मला जबरदस्ती करता येत नव्हती. पोलिसाच्या हातात काठी असते म्हणून ती सगळीकडे चालते असं नाही.

पौर्णिमा त्याच आठवड्यात होती. मुर्धा आमच्या हद्दीत नव्हतं, तरी पौर्णिमेच्या दुपारी मी तिकडे गेलो. कागदोपत्री कारण दाखवायचं तर जबाबाची पडताळणी, खरं म्हणजे मला राहवेना. घरांच्या मागून पायवाट बांधावर जाते. पलीकडे जुन्या मिठागरांवर भराव टाकून इमारती उठतायत, त्यामुळे पाणी आता या अंगाला जास्त चढतं. भरती जोरात होती. बांधावर, पाण्याच्या अगदी कडेला, ती मुलगी एकटी बसली होती. शाळेचा दिवस, आणि पोर बांधावर.

“इथे काय करतेस गं?” मी विचारलं.

ती उठली. मला ओळखलं.

“आज पुनव हाय ना, साहेब. डबा तुमच्या लोकांनी फोडला. मग आता वाजायचं कोनी?”

नोकरीत लोकांनी मला शिव्या दिल्या, शाप दिले, एकाने चप्पलही फेकली. यातलं काही मला असं लागलं नव्हतं. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने बांधाच्या एका वाकणावर पाणी झिरपायला लागलं, ते तिनेच आधी पाहिलं आणि आरोळी ठोकली. घराघरांतून बाया, म्हातारे, जे होते ते मातीच्या गोण्या घेऊन धावले. मीही दोन गोण्या उचलल्या. बांध टिकला.

तिथून मी तडक शाळेत गेलो. चिखलाने लडबडलेले बूट तसेच मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये नेले. चकचकीत फरशी होती, मी मुद्दाम पुसले नाहीत. जे पाहिलं ते सांगितलं आणि म्हणालो, “माफीचा कागद हवाच असेल तर मी लिहून देतो, डबा फोडल्याचा. तिच्याकडून घेतलात तर तिच्या वडिलांना घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे मी स्वतः जाणार. मुलीला वाचनालयात कोंडल्याचाही विषय तिथे निघेल.”

तिथेच बसलेल्या सुपरवायझर बाई पुटपुटल्या, “पण सर, तिने ‘बांध’ हा शब्द वापरायला हवा होता.”

“तुम्ही तो वापरू द्यायला हवा होता,” मी म्हणालो.

मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात बसली. माफीचा विषय परत निघाला नाही.

मी काय शिकलो? तपासात कबुलीला फार मान असतो. पण कबुली ज्या भाषेत दिली ती माणसाची स्वतःची आहे का, हे बघितल्याशिवाय तिला काडीची किंमत देऊ नये, ही माझी तेव्हापासूनची रीत. आणि शाळांना सांगणं एवढंच, की पोराच्या हातात वायर दिसली तर आधी पोराशेजारी बसा. आम्हाला बोलवायला फोन आहेच की, तो कुठे पळून जात नाही. हाताने काहीतरी करणारी मुलं आधीच थोडी. त्यांना अशी धडकी भरवली तर उद्या ती डबा करणार नाहीत, फक्त गाइड पाठ करतील, आणि मग तुम्हीच भाषणात म्हणणार की नव्या पिढीत जिज्ञासा राहिली नाही.

पुढे पूनमने दुसरी बॅटरी दिली, नवा डबा झाला आणि बांधावर बसला. वर्षभराने शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पाहुणे यायचे म्हणून त्याच सुपरवायझर बाईंनी तिला वर्गाबाहेर बोलावून डबा मागितला. पूनम शेजारीच होती, हे तिनेच मला सांगितलं.

“आता न्हाय आणता येत, बाई,” ती मुलगी म्हणाली. “पुनव होऊ द्या, मग आणते.”

मराठीत म्हणाली. आणि बाईंना पहिल्या झटक्यात कळलं.