हिंगणघाटच्या अमेरिकन बाबाला खडूचा नवस

एकोणीसशे पन्नासच्या दशकात लग्न होऊन मी पुलगावात आले, तेव्हा सासरी एक वाद कायम मुक्कामाला होता. सासूबाई म्हणायच्या, "माह्या माईले हिंगणघाटात अमरीकन मास्तरनं लिवाले शिकवलं." मामंजी हसायचे. "अमरीकन इकडं काऊन येईन? अन् माय शिकली होती, मंग तू अंगठा काऊन उठवतं?" सासूबाई उठून चुलीपाशी जायच्या. गेलेल्या आईला कोणी खोटं पाडलेलं त्यांना फार लागायचं. मी पडले चौकस. म्हटलं, चला आई, बघूनच येऊ.

पुलगावहून वर्ध्यापर्यंत पॅसेंजर, पुढे सर्व्हिस मोटार. कापसाच्या गाड्यांमागे मोटार इतकी रेंगाळली की बरोबरचा झुणका-भाकर तिथेच संपला. जाणार असाल तर डोक्याला फडकं बांधा. उतरले तेव्हा धुळीने माझे केस सासूबाईंपेक्षा पांढरे झाले होते.

कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याजवळच्या चहावाल्याला अमेरिकन मास्तराबद्दल विचारलं. "मास्तर नाई मालूम. अमरीकन बाबा हाये, नदीवर."

वणा नदीच्या काठी चुना फासलेला ओटा, त्यावर कापसाचे पुंजके आणि खडूंचा ढीग. तिथे झाडझूड करणाऱ्या म्हातारीने सांगितलं, "बाबानं पयले शाळा काढली, मंग जिनिंग टाकली, मंग गावच्या मुनशिपल कमेटीत निवडून आला. तिथं पोरीयच्या शाळेसाठी भांडला, अन् पुढच्या निवडणुकीत पडला."

"मग बाबा कधी झाला?"

"मेल्यावर. जित्तेपणी कोनी आयकलं नाई ना."

त्याचं नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. नवसाची रीत तिला पक्की ठाऊक होती: ओट्यावर खडूने आपल्या हाताने एखादं नाव लिहायचं, मग मनातलं मागायचं. "अंगठा चालत नाई बाबाले." म्हणून आसपासच्या बाया नवसापुरतं तरी लिहायला शिकतात. मेला तरी मास्तराने शाळा सोडली नव्हती. मला हा माणूस फारच आवडला.

मी सासूबाईंना हळूच म्हटलं, तुमच्यासाठी मी लिहिते. पण त्यांनी खडू उचलला आणि सावकाश लिहिलं, 'गंगा'. "माह्या माईचं नाव," त्या म्हणाल्या. मी बघतच राहिले.

परतीच्या मोटारीत उलगडा झाला. आईने त्यांना अक्षरं शिकवली होती. पण लग्नात कुणीतरी कानात सांगितलं, बाईनं लिवलं का नवऱ्याचं आयुष्य घटते. तेव्हापासून त्यांनी अंगठाच उठवला.

घरी मामंजी दारातच उभे होते. "सापडला का अमरीकन?"

सासूबाईंनी पदराच्या गाठीतून खडू काढला. ओसरीच्या भिंतीवर 'गंगा' लिहिलं. "मायनं शिकवलं मले. तुमच्या जिवाले भेऊन लिवत नव्हती."

मामंजींचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "मंग आज कशी लिवली?"

"आज बाबाले तुमचं आयुष्य मागून आली."

आणि 'गंगा'च्या खाली त्यांनी आणखी एक नाव लिहिलं. मामंजींचं. ते नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, पुढेही ऐकलं नाही.

त्या प्रवासातली धूळ दोन न्हाण्यांत गेली. मास्तराचं नाव मला अजूनही कळलेलं नाही. पण दरवर्षी दिवाळीत चुना मारायला माणूस आला की मामंजी स्वतः भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे, आणि तेवढी जागा सोडायला लावायचे.