नर्मदेचे उत्तर तीर

लक्ष्मीकांतभट बडोद्यातल्या घडियाळी पोळात, म्हणजे त्या नावाच्या गल्लीत, राहत. भटजींनी परीक्षा द्यावी आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा, असा कायदा महाराजांनी केला, तेव्हा पोळातले निम्मे भटजी आजारी पडले. लक्ष्मीकांतभट मात्र परीक्षेला बसले आणि दोनदा नापास झाले. पास झाल्याशिवाय पौरोहित्य बंद, आणि दुसरे काम त्यांना येत नव्हते.

अडत होते संकल्पावर. पूजेआधी आपण कुठे आणि केव्हा बसलो आहोत, हे देवाला सांगायचे असते. देशावरून आलेली मराठी घरे तीन-चार पिढ्या बडोद्यात काढूनही 'गोदावरीच्या दक्षिण तीरावर' असेच म्हणत. लक्ष्मीकांतभट 'नर्मदेच्या उत्तर तीरावर' म्हणत. परीक्षकांच्या पोथीत गोदावरी होती.

त्या वर्षी वाचनालयात नारायणराव मास्तरांचे व्याख्यान झाले. जर्मनीतल्या एका प्रोफेसराच्या मते स्थळ आणि काळ सुटे नाहीत, दोन्ही मिळून एकच वीण आहे. मास्तर तिला 'दिक्काल' म्हणाले. श्रोते तेरा, त्यांतले चार झोपलेले. सिद्धांत बराच खोल होता, पण भटजींना हवे तेवढे मिळाले.

"अगं, जर्मन माणूस संकल्प सांगतोय," ते घरी येऊन म्हणाले.

"त्याला तरी पास करतील का?" त्यांच्या पत्नी अहल्याबाईंनी विचारले.

तिसऱ्या खेपेला परीक्षक शास्त्रीबुवांनी कपाळाला हात लावला. "पुन्हा नर्मदा?"

"शास्त्रीबुवा, तिथी आजची लागते ना?"

"अर्थात."

"मग जागा पणजोबांची कशी चालेल? केव्हा आजचं आणि कुठे तेव्हाचं, अशा ठिकाणी कुणीच बसलेलं नाही. देवाने यायचं कुठे?"

शास्त्रीबुवा माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "भटजी, बाहेर हवं ते म्हणा. इथे एकदा गोदावरी म्हणा, मी सही करतो."

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे म्हणजे इथे! बडोद्यात, मांडवी दरवाज्याजवळ!"

"मग मांडवीजवळ गोदावरी कुठून आणू? सही तुमची, तोंड माझं."

शास्त्रीबुवांनी तिसऱ्यांदा नापास लिहिले. भटजींनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले.

"पुढच्या परीक्षेची तारीख सांगून ठेवा," ते म्हणाले. "तिथी बदलून म्हणेन. जागा हीच असेल, तर नदी बदलणार नाही."