नाटुकल्यात न बसलेले दोन महिने

आमच्या चर्चच्या मंडळीत नाटुकली लिहायचं काम माझ्याकडं आलं ते माझ्या तिखट जिभेमुळं. मी शाळेत मराठी शिकवायचे, लग्न झालेलं नव्हतं, आणि कुणाचीही नक्कल हुबेहूब करायचे. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "ही जीभ देवाच्या कामाला लावा की बाई." झालं! तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाणी संपली की संदेशाच्या आधी, दहा मिनिटांचं नाटुकलं. त्यांची अट एकच होती. कापसाच्या दाढ्या नकोत, पुठ्ठ्याचे पंख नकोत. शास्त्रातला दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट घ्यायची आणि आपल्या गल्लीत आणून बसवायची.

आणि ती बसायचीही. उधळा मुलगा आमच्याकडं पुण्याहून एसटीनं परत यायचा. हरवलेलं मेंढरू म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनाच्या रुळांकडं गेलेली कुणाची तरी शेळी असायची. कपडे, भांडी सगळं मंडळीतूनच मागून आणायचं. ज्याची वस्तू तो त्या रविवारी पहिल्या बाकावर बसायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण रीतच पडली होती. आपली कढई व्यासपीठावर बघताना माणसं इतकी खूश व्हायची की विचारू नका.

त्यातच पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. टँकर यायचा तेव्हा यायचा. आमच्या घरामागच्या रानात रोज नवे प्लॉट पडत होते आणि प्रत्येक प्लॉटवर बोरचं मशीन दिवसभर घरघरत असायचं. गावाकडून माणसं शहरात येत होती आणि शहराचीच घागर पालथी होती.

आमच्या गल्लीत बोर होतं ते फक्त मावशींकडं. मावशी म्हणजे माझ्या कुणी नात्यातल्या नव्हेत. मूळच्या फुलंब्रीकडच्या, नवरा कंपनीत, आमच्याच मंडळीतल्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्यांची एक लकब होती. काहीही मागा, आधी जीभ टाळूला लावून 'च्च' करायच्या आणि म्हणायच्या, "बघू गं बाय, बघू." आणि मग द्यायच्या. फाल्गुनापासून दोन महिने सकाळी सहाला त्यांचं फाटक उघडायचं आणि अख्खी गल्ली हंडे घेऊन आत जायची. आमचे चार हंडे रोजचे. हे मी आज लिहितेय. तेव्हा लिहायला हवं होतं.

त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळच्या आवराआवरीत पाण्याला जायचं राहिलं होतं, आणि घरात पाणी नाही म्हणजे नाही. दुपारी बाराच्या उन्हात मी दोन हंडे घेऊन मावशींच्या फाटकाशी गेले. समोरच्या ओट्यावर पाच-सहा बायका बसलेल्या. मावशी बाहेर आल्या, च्च केलं.

"बघू गं बाय, बघू. पण आज नाय व्हायचं. सकाळपासून मोटार नुसती हवा ओढायली."

"मावशी, पाहुणे यायलेत हो घरी."

"व्हय, पण बोरच आटलं तर मी तरी कुठून आणू?"

माझ्यादेखत त्यांनी बटण दाबून दाखवलं. मोटार कोरडी गुरगुरली आणि पाइपातून तांबडा चिखल गळला. कुणी चालू करून जाळू नये म्हणून त्यांनी बटणाच्या पेटीला कुलूप घातलं. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण ओट्यावरची एक बाई फिसकन हसली, आणि पाच-सहा जणींसमोर मी रिकामे हंडे घेऊन घरी आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पाहुण्यांना आईनं शेजारून मागून आणलेलं पाणी दिलं, आणि लग्नाचं काही जमलंही नाही. आता स्थळ काही पाण्यामुळं मोडलं नव्हतं, मुलगाच दीडशहाणा होता. पण मला खापर फोडायला डोकं पाहिजे होतं.

पुढच्या नाटुकल्यासाठी मी दाखला निवडला तो श्रीमंत माणसाचा आणि त्याच्या दाराशी पडलेल्या भिकाऱ्याचा. निवडला कसला, रागानं माझ्या हातात दिला. आमच्या नाटुकल्यात एक मोठ्या घरची बाई होती. तिच्याकडं बोर, बोरला हे एवढं कुलूप. दाराशी एक तहानलेली म्हातारी. म्हातारी पाणी मागते, बाई च्च करते आणि म्हणते, "बघू गं बाय, बघू." असं चार वेळा. पाचव्यांदा म्हातारी गतप्राण.

लिहिताना दोन महिन्यांचं ते उघडं फाटक मला आठवलं. नाही आठवलं असं म्हणाले तर खोटं बोलेन. पण ते घातलं असतं तर बाई दुष्ट राहत नव्हती आणि दाखला लागू पडत नव्हता. मी पेन उचललं आणि पुढं गेले. सुवार्तेच्या नावाखाली मी माझा राग काढत होते, आणि वर स्वतःची पाठही थोपटत होते, काय पण झणझणीत झालंय म्हणून.

याच्यावर कडी म्हणजे साडी. मोठ्या घरची बाई दिसेल अशी साडी मंडळीत एकाच बाईकडं होती. मी मावशींकडंच गेले. निर्लज्जपणाला काही सुमार! त्यांनी ट्रंक उघडली, हिरवी, जांभळ्या काठाची पैठणी काढली, स्वतः इस्त्री करून दिली.

"राणीचं काम हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या घरच्या बाईचं आहे."

"मग मी पुढंच बसते," त्या म्हणाल्या. इतक्या खुलल्या होत्या.

रविवारी मावशी पहिल्या बाकावर. त्यांची पैठणी नेसून तरुण संघातली एक पोरगी वर आली आणि मावशी शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायला लागल्या, माझीच हाय, माझीच. मग पोरीनं च्च केलं. मी तिला आठवडाभर घोटून शिकवलं होतं, तिनं जरासुद्धा चूक केली नाही. "बघू गं बाय, बघू." मागच्या बाकांवर हशा पिकला. दुसऱ्यांदा म्हटल्यावर पुढची एक चिमुरडी वळून मावशींकडं बघायला लागली. मावशींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नसावं. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या. पहिल्या बाकावरून उठून जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागतं.

लोकांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. मी पडद्याआड उभी राहून ते ऐकलं. खरं सांगते, मला वाटलं होतं थोडी जिरेल, दोन दिवस गाल फुगवतील. पण गल्लीनं त्यांचं नावच 'बघू बाय' पाडलं. टँकरच्या रांगेत पोरं च्च करायची. ज्यांनी दोन महिने त्यांचं पाणी प्यायलं त्यासुद्धा हसायच्या. मावशी बाहेर पडेनाशा झाल्या. पुढचे तीन रविवार मंडळीत आल्या नाहीत.

शेवटी मी साडी घडी करून घेऊन गेले. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. साडी घेतली, बाजूला ठेवली. मी म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. लोकांनी उगाच तुमच्यावर ओढून घेतलं."

त्यांनी सुपावरून डोकं वर केलं. "लोकांनी?"

मी बाजूला ठेवलेल्या साडीची घडी उगाच नीट करायला लागले.

"दोन महिने पाणी दिलं मी. ते कुठं गेलं तुझ्या नाटकातून?"

"ते... ते नाटकात बसत नव्हतं."

"आन् मोटार कोरडी होती ते? तू सोता बघितलं की."

"बघितलं." मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मावशी, मी तुमचे पाय धरते."

"पाय नको धरू. लई झाली रडारड. हसवलंस मंडळीसमोर, तर मंडळीसमोरच सांग. फाटक उघडं होतं म्हणून सांग, बोर आटलं होतं म्हणून सांग. एवढंच. दुसरं मला काही नको."

"सांगते. या रविवारी सांगते, देवाशपथ."

"मग मी येते," मावशी म्हणाल्या.

त्या आल्या. तो त्यांचा आमच्या मंडळीतला शेवटचा रविवार. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायचा विधी. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं सांगितलं, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी ते मिटवावं, मगच या मेजाकडं यावं. मी हात वर केला, उभी राहिले. दोन वाक्यं होती. रात्रभर पाठ केली होती. समोर सगळे माझ्याकडं प्रेमानं बघत होते. माझ्या शाळेतल्या मुलांचे आईबाप होते, आई होती, बहीण होती. आता हे सगळे मला काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी म्हणाले, "मागच्या नाटुकल्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर मी क्षमा मागते. त्यातली बाई कुणी एक नव्हती. ती आपल्या सगळ्यांच्यात आहे."

मावशी माझ्याकडं बघत होत्या. अजून पुढं काही येतंय का, म्हणून थांबल्या होत्या. मी खाली बसले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "केवढं मोठं मन तुझं," ती म्हणाली. मागं दाराची कडी वाजली. मी वळून बघितलं नाही. भाकरीचं ताट एकेक बाक करत माझ्यापर्यंत आलं, आणि मी त्यातला तुकडा घेऊन खाल्ला.