डोळे आखणारा

पेणमधल्या गणपतीच्या एका कारखान्यात, मालकाच्या देखत, मी तिथल्या कारागिराला म्हणालो, "अहो, हात कापतोय तुमचा! देव चकणा व्हायचा!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो.

रोह्याच्या कंपनीत दुसरी पाळी असली की एसटी पकडण्याआधी मी तिथे चहाला टेकत असे. हा गृहस्थ मूर्तींचे डोळे आखायचा. श्वास रोखून रेघ ओढायची आणि मग सुटल्यासारखं हसायचं. गेलेली वीज आली, हातावरची माशी उडाली, की "उपकार झाले गो बाय" म्हणायचा. अगदी माशीलासुद्धा. रेघ ओढताना तो डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचा. मला ती त्याची लकब वाटायची. तो थरथर लपवत होता, हे मालक आणि मी सोडून तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांचा कुंचला दुसऱ्याच्या हातात होता. हा कोपऱ्यात बसून गणपतीपुढचे उंदीर रंगवत होता. मला बघून नेहमीसारखा हसला.

"या भाऊ! उंदराचा डोळा म्हणजे एक ठिपका. चुकला तरी कोण बघत नाय. उपकारच झाले तुमचे."

मला हायसं वाटलं. मीही हसलो.

शेजारी माती मळत बसलेली त्याची बायको मान वर न करता म्हणाली, "त्यांना हसायची सवय हाय, भाऊ. तुम्हाला कशाचं हसू येतंय?"