दोन लोटे आणि बुडबुडे आत्या

आश्विन सरत आलाय. सकाळ. ओसरीवर हजर: बाबा आणि मी. गैरहजर: शेजारची बुडबुडे आत्या. पाण्याने भरलेले लोटे मात्र दोन.

तलावात उतरून शिंगाडे काढणं हे आत्याचं काम. 'बुडबुडे' हे नाव आमच्या घरापुरतं. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची मळणी सुरू व्हायच्या आधी ती पपईच्या देठाची पोकळ नळी चीक जाईपर्यंत धुवायची, लोट्यात बुडवायची आणि सावकाश फुंकायची. श्वास नाकाने आत, नळीतून बाहेर. बुडबुड्यांची माळ तुटू द्यायची नाही.

"हे शिकवलं कोणी, आत्या?"

"कोन शिकवन? तलावानं. घाई केली का पानी नाकात जाते."

मळणीच्या धुळीने दरवर्षी बाबांचा दमा उसळायचा. तरी नळीला ते हात लावत नव्हते. म्हणायचे, "लेकराचा खेळ हाये हा." शेवटी आत्याने शर्यत लावली, कोणाची माळ जास्त वेळ टिकते याची. "जिंकले तं टोपलीभर शिंगाडे तुमचे, भाऊ." बाबा लगेच मांडी घालून बसले! दरवेळी आत्याच जिंकायची आणि बाबा चिडून रोज सराव करायचे.

मग काढा. अडुळसा, तुळस, आलं, गूळ. मी प्रमाण विचारलं की ती म्हणायची, "मूठभर." कोणाची मूठ, हे काही ठरलं नाही. एका गोष्टीत मात्र ती पक्की होती. "डाक्टरचा पंप सोडू नोका, भाऊ. काढा नुसता संगतीले हाये."

गेल्या वर्षी बाबा जिंकले. "काऊन बाई, कसं वाटते आता?" म्हणत त्यांनी टोपली ओढली. आत्या हसली, पण लोट्याचा काठ तिने सोडला नव्हता.

"मुद्दाम हरलीस ना?" मी हळूच विचारलं.

"हरू दे ना पोरी. जिंकला मानूस उद्याही फुंकन."

ती गेल्यावर बाबांनी टोपली बाजूला सारली. "मुद्दाम नाई हरली," ते म्हणाले. "दम सरला होता तिचा. दवाखान्यात ने तिले."

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी तलावात उतरणं बंद करायला सांगितलं. आत्या अहेरीला लेकीकडे गेली. एसटीत चढताना बाबांना म्हणाली, "कोजागिरी झाली का फोन लावा, भाऊ. तुम्ही इथी फुंका, मी तिथी. आवाज आइकू."

यंदाची कोजागिरी झाली. पंप आणला, अडुळसा खुडला, नळ्या धुतल्या. बाबा रोज दोन लोटे भरतात आणि एकातच फुंकतात. मी फोन पुढे केला की मान फिरवतात.

"उद्या लाव. आज तिचे बुडबुडे लवकर सरले तं?"

बाकी काम: अहेरीला फोन.