लांब असतं ते स्वतंत्र

आमच्या घराण्यात दहावीला इंग्रजीत पास झालेला पहिला माणूस मी. मार्क पस्तीस, पण हे फक्त मला आणि गुणपत्रिकेला ठाऊक. गावाकडून, तीर्थपुरीहून, कुणी दवाखान्यासाठी जालन्याला आलं, की औषधाची बाटली घेऊन आमच्या मस्तगडातल्या घरी यायचं. "दादा, वाच बरं, काय लिव्हलंय." मी चष्मा पुसायचो आणि गंभीरपणे म्हणायचो, "जेवल्यावर घ्या." बहुतेक औषधं जेवल्यावरच असतात.

पोरगी नववीत गेली आणि माझी पंचाईत झाली. इंग्रजी वाक्यातलं स्वतंत्र उपवाक्य, म्हणजे तो इंडिपेंडंट क्लॉज, कसा ओळखायचा, असं तिनं विचारलं. "माहीत न्हाई" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी ठोकून दिलं, "बिलकुल सोपं आहे. लांब असतं ते स्वतंत्र, लहान असतं ते त्याच्यावर अवलंबून. घरात न्हाई का तसं!"

चाचणीत दहातली सात चुकली. ती संध्याकाळी वही घेऊन माझ्याशेजारी बसायची, ते बंद झालं. शेजारच्या मारवाडी कापडवाल्यांची सून शिकलेली होती, तिच्याकडं जायला लागली.

"चला, तुमचा भार हलका झाला," बायको म्हणाली. तो भार मला किती आवडत होता, ते तेव्हा कळलं.

एकदा पोरीला जेवायला बोलवायला गेलो आणि कापडवाल्यांच्या दारातच थबकलो. त्या सुनेनं, म्हणजे वहिनींनी, वाक्याचा शेवट तळव्यानं झाकला होता. "आता उरलेलं वाच. ऐकणाऱ्यानं 'मंग?' विचारलं, तर ते अर्धवट. न्हाई विचारलं, तर ते एकटं उभं राहतं."

पोरीनं वाचलं, "व्हेन द ओल्ड मॅन केम फ्रॉम द मार्केट..."

"मंग?" वहिनी म्हणाल्या आणि हात उचलला.

"वी एट."

आम्ही जेवलो. दोनच शब्द, पण आपल्या पायावर उभे. तो लांबलचक म्हातारा त्यांच्या आधारानं आलेला.

घरी येता येता मी पोरीला म्हणालो, "मला दहावीला इंग्रजीत पस्तीस मार्क होते." ती थांबली. मी घाईनं पुढं सुरू झालो, "म्हणजे त्या वर्षी आमचे सर आजारी पडल्ते, त्यात शेतात खळं चालू, त्यात..."

तिनं माझ्या तोंडावर तळवा ठेवला. "पुढचं राहू द्या, पप्पा. पहिलं एकटं उभं राहतं."

जेवण झाल्यावर वही घेऊन ती माझ्याशेजारी बसली. "चला," म्हणाली, "आता तुम्ही वाचा."